शून्य मैल, वार्षिक सरक

आमच्या नकाशा शाखेत एक वही आहे,
आवकमध्ये नाही, जावकमध्ये नाही,
ऑडिट आलं की ती कूलरच्या मागे जाते.
पाठीवर लाल शाईत: शून्य मैल, वार्षिक सरक.

नवा माणूस रुजू झाला
की नवतपा लागायची वाट पाहायची.
मग एका दुपारी हेडक्लार्क पौनीकर
चष्मा कपाळावर चढवून सांगणार,
उन्हानं दगड फुगते ना भौ,
झीरो माईलचा खांब दरसाल थोडा सरकून राहिला.
मोजून आणा. टेप घ्या.
लू लागंल, खिशात कांदा ठेवा.

आणि माणूस जातो.
डोक्याला दुपट्टा, काखेत तीस मीटरची टेप,
चार घोड्यांच्या मधे ओणवा.
आम्ही इकडे सांबारवडी मागवतो
त्याच्या खात्यावर.

ठवकरला पोलिसाने हटकलं,
पत्र वाचलं, शिक्का पाहिला,
आणि टेपचं दुसरं टोक धरलं.
रेवनाथ मेश्राम दोन दिवस तापाने पडून,
तरी अहवाल आला बायकोच्या हाती:
पाऊण इंच, कामठीकडे.
मी अठ्ठ्याण्णवचा. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं.
अर्धा इंच. खाली टीप: घोडे सुस्थितीत.

मग आली देवलापारची प्रणोती उईके.
टेप घेतली, कांदा घेतला, हाव सर म्हणाली.
चार वाजता परत. ना घाम, ना कुरकुर.
टेबलावर टाईप केलेली तीन पानं.
सरक दीड इंच, दिशा आग्नेय.
सबब या कार्यालयाची सर्व अंतरे चुकीची ठरतात.
सबब श्री. पौनीकर यांनी काटोल, उमरेड, सावनेर
या दौऱ्यांवर उचललेला प्रवासभत्ता जादा ठरतो.
वसूलपात्र रक्कम रुपये सत्तावीस, पैसे चाळीस.
प्रत: कोषागार.

कपाळावरचा चष्मा आपोआप नाकावर आला.
काहून वं, खरंच गेलं का हे कोषागारात?
जावक क्रमांक टाकला आहे ना सर.

दोन दिवस पौनीकरांचा डबा तसाच घरी गेला.
तिसऱ्या दिवशी कळलं,
जावक क्रमांक तिच्या एसटीच्या तिकिटावरचा.
मग जे हसले,
स्टुलावरचा विठोबा शिपाई दचकून उठला
आणि सवयीने पाणी घेऊन आला.
सत्तावीस चाळीस त्यांनी रोख भरले.
चाळीस पैसे कुठून आणले, देव जाणे.
पावती वहीत चिकटवली आहे.

एकतीस मे. पौनीकर निवृत्त.
नारळ, भाषणं, आणि शाल.
शेहेचाळीस अंशात लोकरीची शाल,
ही कल्पना ठवकरची, सूड म्हणा.
भाषणं संपली तर सत्कारमूर्ती गायब.
टेपही गायब.

प्रणोती म्हणाली, चला.
माझी स्कूटर, तिची ओढणी दोघांच्या डोक्यांना पुरेना.
तिथं पौनीकर, डोक्यावर तीच शाल,
घोड्याच्या सावलीत बसलेले.
सावली घोड्याच्याही पोटापुरतीच होती.

मले शहाऐंशीत धाडलं होतं, ते म्हणाले.
मी आलोच नाही ना बाप्पा.
महाराजबागेत झाडाखाली झोपलो,
उठून पाव इंच लिहून देल्लं.
वहीतली पहिली ओळ माझी हाय.
तुम्ही सारे त्याच्यावर बेरीज करत गेले.

आम्ही काही बोललो नाही.
एक बस गेली, तिच्या खिडकीतून एक पोरगं
शालीकडे बोट दाखवत गेलं.

धर टोक, ते उठले.
प्रणोतीने टोक धरलं, खांबाला लावलं,
आणि विचारलं,
पण सर, मोजायचं कुठपासून?

इतक्या वर्षांत, इतक्या भर दुपारी,
हे कोणीच विचारलं नव्हतं.
पौनीकरांनी खांबाकडे पाहिलं, घोड्यांकडे पाहिलं,
मग खिशात हात घालून
कांदा काढला,
आणि तापल्या फरशीवर
अगदी जपून, तो घरंगळू नये असा, ठेवला.

कांद्यापासून सात फूट दोन इंच.
घोडे सुस्थितीत.