पट्टा न लावता

हीउमा बेटाकडे जाणारा हा रस्ता
वर्षातले थोडेच दिवस असतो.
समुद्र धरला, की बर्फात फांद्या रोवतात ओळीने,
आणि चौकीवरचा म्हातारा खिडकीशी वाकून सांगतो,
पट्टे सोडा.
बर्फ फुटलाच, तर बाहेर पडता आलं पाहिजे.

माझा हात बकलावर. तिथेच.

राइवो स्वतः लावायचा माझा पट्टा.
खट्.
मग ओढून बघायचा, दोनदा.
काळजीपोटी.
काळजीपोटीच गाडीचे किलोमीटर वहीत उतरवायचा :
हाप्सालूचा बाजार, जाऊन-येऊन अकरा.
चौदा कसे झाले, उर्वे?
मी तीन किलोमीटरचा हिशेब देत बसायचे
सूप निवून वर साय धरेपर्यंत.
आई म्हणायची, नशीब काढलंस,
तळहाताच्या फोडासारखं जपतो तुला.
खरंच होतं ते.
फोड असला की माणूस मूठच उघडत नाही.

मादिसने स्वतःचा पट्टा सोडला.
माझ्याकडे हात नेला नाही.
दोन्ही काचा अर्ध्या खाली, उणे बाराची हवा आत,
मागे एका ट्रकने दिवे मारले.
"परत फिरायचं? दुपारी बोट आहे."
मी तो प्रश्न उलटापालटा करून पाहिला,
धुण्याआधी खिसे तपासतात तसा.
आत काही नव्हतं.
नुसता प्रश्न होता.

पट्टा मीच सोडला. कसा, आठवत नाही.

या बर्फावर अगदी सावकाश चालतं,
जरा जोरातही चालतं,
मधल्या वेगाने खाली लाट उठते म्हणे, आणि तीच बर्फ फोडते.
मादिस सावकाश निघाला.
निम्म्या वाटेवर कुठेतरी कडाडलं. लांब. की खाली?
मी ओरडले, थांब!
तो थांबला नाही.

माझ्या घशात ती जुनी वही उघडली.

"इथे थांबलं तर वजन एकाच जागी येतं," तो म्हणाला,
आवाज न चढवता, डोळे फांद्यांवर ठेवून.
"दार तुझ्या हाताशी आहे. अजून बारा किलोमीटर."
आणि मग दर किलोमीटरला
न विचारता सांगत राहिला :
अकरा. दहा. नऊ.
आकडे असेही असतात तर.

बेटावर चढल्यावर पट्टा पुन्हा लावायचा असतो.
लावला.
एकदा ओढून बघितलाच मी, हात ऐकेना.
मादिस सुकवलेल्या माशांबद्दल काहीतरी सांगत होता,
मी अर्धंच ऐकलं,
काच मात्र वर घेतली नाही.