वाढीव मागणी

अठ्ठाविसाव्या आठवड्यात
डॉक्टर उपळेकर म्हणाल्या, श्वास धरा जरा,
आणि स्टेथोस्कोपची गार चकती
बरगडीशी टेकवून बराच वेळ गप्प राहिल्या.

ही शांतता माझ्या ओळखीची.
असाच गप्प राहतो आमच्या खात्यातला फकीरमहंमद,
रात्री दोनला कर्वे रस्त्याच्या मधोमध उकिडवा,
लोखंडी सळई जमिनीत रोवून
दुसरं टोक कानाला.
मग म्हणतो, म्याडम, फुटलंय. इथंच खणा.

मी विचारलं, फुटलंय का?
त्या हसल्या. नाही हो,
वाहतंय जास्त, म्हणून आवाज येतोय.
रक्त जवळजवळ दीडपट झालंय तुमचं.

दीडपट.
सात वर्षं पर्वती जलकेंद्रात
मागणीचे तक्ते भरते मी.
एक सोसायटी जोडायची तर
तीन टेबलं, दोन ना-हरकत दाखले,
आणि तरी चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही.
इथे, ज्याला की जिला
अजून नाव नाही, मीटर नाही,
त्या जिवासाठी
कुणी मंजूर केलं हे, कधी?

मला नुसती मळमळ कळत होती
तेव्हाच म्हणे वाहिन्या सैलावल्या,
दाब उतरला,
आणि मुठीएवढा पंप
मिनिटाला पंधरा ठोके जादा टाकू लागला.
पोट वर सरकलं तसा तोही
जरा डावीकडे कलला, जागा करून दिली.

हिमोग्लोबिन घटलेलं.
लाल कमी नाही झालं तेवढं, पाणी जास्त वाढलं,
हे मला लगेच पटलं.
गोळी चुकवायची नाही, त्या म्हणाल्या, पटलं तरी.

संध्याकाळी चपला चढत नाहीत.
घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो,
खणून नीट न बुजवलेल्या रस्त्यासारखा.

फकीरमहंमदला सांगितलं आवाजाचं.
तो चावी खांद्यावर घेत म्हणाला,
बोलतोय तवर लाइन चालू, म्याडम.
आणि टाकीची शिडी मला चढू दिली नाही.

उताणी झोपले की घेरी येते,
परतीच्या मोठ्या नळावर ओझं बसतं.
म्हणून डावी कूस.
उशीत कान दबला की ऐकू येतो
माझाच ठोका, घाईतला.

आज दुपारी नोटीस लिहिली, नेहमीचीच:
गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील,
शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने,
नागरिकांनी सहकार्य करावे.

आत कुणी काही कळवलेलं नाही.
मी कूस बदलत नाही, एवढंच सहकार्य.