काढू नका, विचारा

एकतीस मार्चला जुनं टूल बंद होणार.
कंपनीचा मेल तीन ओळींचा,
"आभार" धरून.

माझ्याकडं त्रेचाळीस प्रोजेक्ट.
लातूरच्या मार्केट यार्डातले त्रेचाळीस आडती,
त्रेचाळीस तऱ्हा.
कुणाला पट्टीवर गणपती डावीकडंच हवा,
कुणाचं वर्ष अजून दिवाळीच्या पाडव्याला उघडतं,
एकाच्या कडत्याला दशांशाचं वावडं.

नवं टूल हुशार आहे.
फाईल उचलतं, हुंगतं,
हिरवी टिकली लावून पुढं ढकलतं.
रात्री साडेअकरापर्यंत बेचाळीस.
मध्येच मायचा फोन :
नळ आलाय आठ दिसांनी, तू कुठं हाईस?
म्हटलं, शिफ्टिंग करूलाले.
"कुणाचं गं घर?"

त्रेचाळिसावा अडला. कलशेट्टी अँड सन्स,
ओळ सातशे बारा :
माल तूर असेल तर पोत्यामागं दीड रुपया
हमाल नंबर एकोणीसच्या नावावर,
पोतं कुणीही उचललेलं असो.
वर मुनीरभाईंचा शेरा,
रोमन अक्षरांत टंकलेलं मराठी :
काढू नका. विचारा.

मुनीरभाई सहा वर्षांपूर्वी शारजाला गेले.
त्यांचा नंबर लागत नाही.

सकाळी यार्डात गेले. सौदा संपत आलेला,
तुरीच्या धुळीनं नाक चोंदलेलं.
बसवराज कलशेट्टींनी चष्मा कपाळावर चढवला.
"एकोणीस म्हंजे नरहरी गाडेकर.
थप्पी कोसळली त्याच्यावर.
हितंच, तू उभी हाईस तिथं.
आमच्या अण्णांनी तोंडी सांगितलं,
मुनीरनं मशिनीत घातलं."
मग?
"मग काय. अण्णा गेले. नरहरी बी गेला.
शेवंताबाई पाच तारखेला येती, अंगठा देऊन नेती.
मला वाटायचं, सरकारचाच नियम हाय."

नव्या टूलात ह्या ओळीला रकाना नाही.
तिथं हमाल हजर लागतो,
जिवंत लागतो,
पोत्याला त्याचाच हात लागलेला लागतो.

रकाना मी हातानं केला. पाच तास गेले,
डबा तसाच राहिला.
मुनीरभाईंचा शेरा उतरवून घेतला, देवनागरीत,
आणि कुणाला विचारायचं
तेवढं एक नाव पुढं जोडलं.

टूल म्हणालं : नियम विसंगत. तरीही पुढं जायचं?

हो.

बेचाळीस हिरवे, एक पिवळा,
डाळीसारखा.
राहू दे.