तिसऱ्या संध्याकाळी, नळापाशी

कार्नियातल्या त्या हॉटेलमागे चार संघांचे ट्रक
आणि नळ एकच.
पाळी येईतो मी स्पॉन्ज पिळत उभा.
समोर डोंगर, अजून लांब, निळसर,
कुणाचंही नाव न घेणारे.

बारापैकी तीन दिवस झाले.
पहिल्या वीस जणांत मिळून अंतर चाळीस सेकंदांचं,
म्हणजे एखाद्याने बुटाचा पट्टा आवळावा, इतकंच.
तरी ओरिएत्ता वही घेऊन आलीच:
एर्मेस, तुला कळतं. कोण?

निळी जर्सी सध्या वीबेकडे.
वीबे सपाटीवरचा. त्यालाच ठाऊक आहे
की परवा घाटात ती उतरवून द्यायची;
काल रात्री घडी घालून उशाखाली ठेवली म्हणे,
आईला पाठवायला एक फोटो काढून.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.
दिसत असतील. मी चौतीस वर्षांत
पाय फारसे पाहिलेच नाहीत.
पायांनी मागे टाकलेलं तेवढं धुतो:
मिठाचे ओघळ, डांबर, चिकट साखर,
ब्रेकच्या बेचक्यात अडकलेलं कुणाच्या तरी शेतातलं गवत.

गोराज्द म्लाकारच्या हँडलवर एक चिलट नाही.
दिवसभर कुणाच्या तरी पाठीआड बसला, शहाणा माणूस.
पण बाटली भरलेली परत आली,
आणि अशा उन्हात जो पाणी पीत नाही
त्याच्या पोटात काहीतरी शिजतंय.
(हे मी ओरिएत्ताला सांगितलं. तिने लिहून घेतलं.)

एडिल्सन पाचोनची डावी टेप फाटलेली.
पडला होता. कुठे, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही,
त्यांचा मेकॅनिक उलिसेस पाठ वळवून नवी गुंडाळतोय
जसं काही टेप आपणहून जुनी होते.
पण शीळ घालतोय.
काल घालत नव्हता.
(हे नाही सांगितलं. मेकॅनिकने मेकॅनिकची शीळ विकू नये.)

आणि आमचा आस्गर नोर्लुंड.
प्रत्येक पेपरात पहिलं नाव त्याचं.
आज शेवटच्या टेकडीवर सुटला, दोन सेकंद मिळवले,
कॅमेऱ्याकडे वळून हसलासुद्धा.
दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे,
हे हत्तीपुरतं असेल असं वाटायचं मला.

संध्याकाळी मालिशहून येताना तो माझ्याशी थांबला,
आवाज खाली, नजर टायरवर:
परवासाठी मागे चौतीस दातांची चकती बसवशील?
गेल्या वर्षी हाच घाट तो तिसावर चढला होता,
वर पोचून मला म्हणाला होता, संपला पण?
चार दात.
माझ्या तळहातावर मावतात,
वजन केलंत तर चिमूटभर लोखंड.

मग, एर्मेस? आस्गरच ना?
मी नळी उचलली. पाणी गार होतं, बर्फाकडून आलेलं.
घोडामैदान जवळच आहे, बाई, मी म्हटलं,
परवा दुपारी बघू.
ती हसली. तिने आस्गर लिहिलं असावं;
लांबीवरून तेवढंच नाव होतं ते.

रात्री साडेदहाला तो खाली आला,
हॉटेलच्या पांढऱ्या सपाता, पायांवर कांबळं गुंडाळलेलं
एखाद्या आजारी राजासारखं.
साखळी ठीक?
ठीक.
त्याने मागचं चाक उगाच फिरवलं
आणि टकटक ऐकत राहिला.
थांबायला त्याला बराच वेळ लागला.
चाक चांगलं आहे, तो म्हणाला.
हो, मी म्हटलं, चाक चांगलं आहे.

पलीकडे उलिसेसच्या ट्रकमधला दिवा
केव्हाच विझला होता.