पाणी जोखताना

पहिल्या भट्टीला बाबा म्हातारी म्हणतात,
अजूनही वर्तमानकाळात.
एकतीस वर्षं ते तिच्या तोंडाशी उभे राहिले.
ड्रिलनं भोक पाडायचं, लोखंड वाहू द्यायचं,
मातीचा गोळा ठोकून तोंड पुन्हा बंद.
त्यात भुवया गेल्या त्या गेल्याच.
माझ्या लग्नाच्या फोटोत आईनं पेन्सिलीनं काढून दिल्यात.

मी त्याच कंपनीत, पण मोजणारी.
दर महिन्याला, उणे वीसमध्येसुद्धा,
धुराड्याची शिडी चढून
त्याच्या कुशीतल्या भोकात नळी सारायची,
बधिर बोटांनी आकडा उतरवायचा.
खाली बाबा उभे. ‘कशी आहे तब्येत तिची?’
‘टनभर पोलादामागे जवळजवळ दोन टन वायू.’
ते मान वर करून बघायचे.
‘दिसत तर नाही काही.’
दिसते ती काजळी, बाबा.
आईच्या चादरींवर बसते, धुतली की जाते.
मी मोजते ते जात नाही.

कंपनीनं आधी लहान लहान उपाय केले.
वितळल्या पोलादाच्या बादल्यांवर झाकणं आली.
(‘बटाटे उकडताना हेच करते माझी बायको,’
तेइयो काका म्हणाले, ‘तिला कुणी बक्षीस देत नाही.’)
भंगार वाढवलं, गळक्या झडपा बदलल्या.
पाच वर्षांत माझा आकडा बोटभर उतरला.
कोळसा हेच जिचं जेवण,
तिला पथ्य किती मानवणार?

मग ठरलं, तिलाच विझवायचं.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर
मी बाबांना समजावत बसले.
खनिजात लोखंडाचा आणि प्राणवायूचा जुना संसार.
कोळसा मध्ये पडतो, काडीमोड घडवतो,
आणि प्राणवायूला घेऊन आभाळात परागंदा होतो.
आता कोळशाच्या जागी हायड्रोजन.
‘आणि ते दोघं पळून कुठे जाणार?’
‘कुठेच नाही. त्यांचं पाणी होणार.’

बाबांनी कप खाली ठेवला.
पाणी!
ओलं फावडं आत आणलं म्हणून
त्यांनी एकदा वेसा नावाच्या पोराच्या कानाखाली वाजवली होती.
वितळल्या लोखंडाखाली थेंब सापडला
तर छप्पर उडतं, माणसं उडतात.
एकतीस वर्षं ज्याला दाराबाहेर ठेवलं
ते आता तिथूनच निघणार?
‘आणि लोखंड वितळणारसुद्धा नाही,’ मी म्हटलं,
‘नुसत्या करड्या गोळ्या.’
‘कोंबड्यांच्या दाण्यासारख्या,’ बाबा म्हणाले,
आणि झोपायला गेले.

नोव्हेंबरात शेवटचा घाण निघाला.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
तिथे नव्वद माणसं होती, नव्या खोलीत अकरा पुरतात.
वेसा नॉर्वेत मासे कापतो,
नाताळाला कार्ड पाठवतो, कार्डावर मासाच असतो.
वरच्या मजल्यावरच्या आउने बाई
आठवडाभर रेडिएटरला हात लावून बघत होत्या.
गावातल्या नळ्यांतलं गरम पाणी म्हातारीच्याच उबेवर चाले,
हे आम्हाला ती गेल्यावर आठवलं.
आता बॉयलर आहे, लाकडाच्या भुशाचा.
तोही मीच मोजते.
शून्य नाही. अहवालात शून्याजवळ असं लिहितात,
मी आकडा लिहिते.
वारा पडला की गिरण्या थांबतात,
मग हायड्रोजन महाग होतो आणि साहेबांचे चेहरे पांढरे.

मार्चमध्ये बाबांना नवं बघायला नेलं.
इतकं शांत की त्यांनी दोनदा विचारलं,
‘आज बंद आहे का?’
मनोऱ्याच्या तळाशी एक बारीक नळ,
तपासणीसाठी ठेवलेला. मी फिरवला.
कोमट पाणी आलं, रंग नाही, वास नाही.
बाबा सवयीनं दोन पावलं मागे सरले
आणि माझी बाही धरून मलाही मागे ओढलं.

तसेच उभे राहिलो थोडा वेळ.
नळ वाहत होता.
मग त्यांनी हातमोजा काढला,
पुढे झाले,
आणि करंगळी धारेखाली धरली,
आंघोळीआधी लहान मुलासाठी धरतात तशी.