दोन-दहा

डहाळेमामांनी ओळखलं, डॉक्टरांच्या नऊ वर्षं आधी.
तुळशीबागेत त्यांच्या फळीसमोर स्टुलावर बसून
संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी हात पुढे केला
तर दोन-चारच्या बांगड्या अंगठ्याच्या मुळाशी अडल्या.
"हात भरलाय, ताई." दोन-सहा काढल्या.
बायकांचे हात भरतातच. मी पैसे दिले.
पुढे दोन-आठ.
मग दोन-दहाचा खोका त्यांनी फळीखालून ओढला
आणि वर बघितलंच नाही.

तोवर लक्ष्मी रोडला चपलांचं दुकान म्हणू लागलं होतं,
"जेंट्समध्ये बघा."
रास्ता पेठेत तक्रारीच्या फोनवर
"लाइट कधी येणार, साहेब?" विचारायचे लोक
आणि मी, कंटाळून, साहेबच झाले होते.
खालच्या दातांत फट पडली.
माझ्या घोरण्याने हेरंब हॉलमध्ये झोपायला गेला,
उशी घेऊन, काही न बोलता.

रोज बघणाऱ्याला दिसत नाही.
डॉ. पानवलकरांनी लग्नाचा फोटो मागितला,
माझ्या चेहऱ्याशेजारी धरला,
हरवलेल्या माणसाची ओळख पटवावी तसा.

वाटाण्याएवढी ग्रंथी, तिच्यावर बोराएवढी गाठ.
नाकातून काढली. थोडी राहिली,
रक्तवाहिनीला बिलगून बसलेली.
तिला हात लावायचा नाही म्हणाले,
औषधाने गप्प बसवायचं.

"सांगते ते नीट ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या.
जुलाब होतील. पोट फुगेल. केस गळतील थोडे.
साखर इकडे तिकडे होईल, नाडी मंदावेल.
पित्ताशयात खडे होऊ शकतात.
आणि डोकं दुखायचं थांबेल, घाम कमी होईल,
सूज उतरेल, हृदयाला उसंत मिळेल.
"आणि हाडं?"
हाडं जिथवर गेली तिथेच राहतात.

पाळी गेल्यावर वाटलं होतं, सुटले कॅलेंडरातून.
आता पुन्हा दर अठ्ठावीस दिवसांनी लाल गोल.
फ्रिजच्या दारात नाही, मधल्या कप्प्यात,
चक्क्याच्या डब्यामागे ते खोकं.
अर्धा तास आधी ओट्यावर काढून ठेवायचं,
लोणी मऊ व्हायला ठेवतात तसं.
लोंढे सिस्टर येतात. एकदा उजवी बाजू, एकदा डावी.
सुई जाड असते. त्या सुनेच्या तक्रारी सांगत राहतात,
मी नेमकी तेव्हाच हुंकार भरते.

मेडिक्लेमचा माणूस म्हणाला, "किती दिवस चालणार हे?"
म्हटलं, मी चालेन तितके.

आठशे नव्वदचा आकडा दोनशे चाळीसवर आला
त्या दिवशी हेरंबने पेढे आणले.
मी दोन दिवस संडासाच्या दारापलीकडून
त्याला "ठेव एखादा" म्हणत होते.
तिसऱ्या रात्री तो उशी घेऊन परत आला.

आईची अंगठी सोनाराने कापून काढली होती,
पुष्कराज डबीत पडून आहे.
परवा सोनोग्राफीत तीन दिसले.
एक खडा उतरला, तीन बसले.
"त्रास नाही ना? मग राहू द्या," म्हणाल्या.
गप्प बसवलेलं, गप्प बसलेलं,
बरंच काही वागवते आता अंगात.

यंदा गेले तुळशीबागेत, तीन वर्षांनी.
डहाळेमामांची बोटं थरथरतात आता.
त्यांनी माझा अंगठा तळव्याकडे दाबला,
डोळे मिटून हाताचं माप घेतलं.
"दोन-आठ," म्हणाले. "बसतील."
हिरव्या काचेच्या बारा.
अकरा चढल्या. बारावी माझ्या हाडावर टचकन गेली.

"वाढली," ते म्हणाले,
बांगडीला दुसरं काही म्हणायचं नसतं.
"मामा," मी म्हटलं, "फुटली म्हणा.
एकदा तरी फुटली म्हणा."

ते म्हणाले नाहीत.
तुकडे कागदात गुंडाळले
आणि अकराचेच पैसे घेतले.