नमुना क्रमांक सात

पिंजरे बांबूचेच केले.
कॉलेजचे लोखंडी मागल्या पुरात गेले,
तेव्हा खोब्रागडे मॅडम म्हणाल्या,
निकेश, तुझ्या आईला विचार.

आईनं पावशीवरून नजर उचलली नाही.
"मासोरी धराले का ठेवाले?"
ठेवायला. एकवीस दिवस. मिलच्या नालीखाली.
"अन् तिनं का गुन्हा केला?"

मग स्वतःच म्हणाली,
"शिंगूर नोको ठेवू. तो चिखलातबी जगते,
कोनाची चुगली करत नाही.
मुरी ठेव. मुरीले खोटं जमत नाही."
मॅडमनी ते 'स्थानिक माहिती'त लिहिलं.
आईचं नाव मी नंतर घातलं, पेन्सिलीनं.

चार पिंजरे वरच्या डोहात,
चार खाली, जिथं फेस
बाभळीच्या मुळांना धरून राहतो
आणि रात्री पाणी कोमट लागतं पायाला.

एकविसाव्या दिवशी कातरी, ट्रे, फॉर्मॅलीन.
वरच्या मुऱ्यांचे कल्ले
पान खाल्लेल्या जिभेसारखे.
खालच्यांचे पांढुरके,
भिजून वाळलेल्या वहीची पानं जशी
एकमेकांना चिकटतात, तसे.
मी चिठ्ठ्या लावत गेलो. पाच. सहा.
आठ.

सातवा पिंजरा रिकामा. दार मात्र बंद,
वेलीची गाठ डावीकडून मारलेली.
गावात डावखुरं एकच माणूस आहे.

"मेली की पळाली?" मॅडमनी विचारलं.
रकान्यात तेवढेच दोन पर्याय होते.
मी म्हटलं, बघून सांगतो.

घरी दामिनी झोपली होती,
सातवा महिना, पायावर सूज.
चुलीजवळ धुतलेली पावशी.
"पोरगी आठ दिसापासून मासोरी मांगे," आई म्हणाली,
"जार तं कोरडंच येते."
वरच्या डोहातून तरी काढायची.
"तिथं ठेकेदाराचा मानूस बसते."

मी काहीच बोललो नाही.
ती उठली, फळीवरून
पळसाच्या पानाची पुडी काढली,
वर मीठ, दोऱ्यानं बांधलेली.
"कल्ले हायेत," म्हणाली.
"तुह्या बाटलीसाठी ठेवले."